चिठ्ठ्या मी काढल्या

आत्याच्या घराची मागची भिंत आणि आतोबांच्या भातगिरणीची भिंत एकच होती. सकाळी आठच्या सुमारास आतोबा मोटरवर पट्टा चढवत, आणि त्यानंतर फळीवरची भांडी दिवसभर बारीक बारीक वाजत राहत. पहिले पंधरा दिवस मला वाटे, कुणीतरी दार खटखटवतंय. मग इतकी सवय झाली की लाइट जाऊन गिरण थांबली तर मी दचकायची. कोंडा सगळीकडे असे: चहाच्या कपाच्या कडेला, उशीच्या अभ्र्यात, माझ्या वेणीत. मी केस विंचरायला बसले की आत्या हसायची, म्हणायची की दिवाळीपर्यंत तुझ्या डोक्याची म्हातारी होणार. जेवण साधं पण पोटभर. सकाळी पेज आणि तिच्यात सोडलेली लोणच्याची फोड, दुपारच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, संध्याकाळी वालाचं बिरडं नाहीतर कुळथाचं पिठलं. वाल सोलायचं काम माझ्याकडे होतं. मोड आलेले वाल पाण्यातून काढून एकेक करून बोटांत दाबायचे, साल हातात राहायची आणि दाणा ताटात पडायचा. त्या घरात मी जून ते जानेवारी असे आठ महिने राहिले. आत्याला मूलबाळ नव्हतं. मी आले त्या दिवशी तिनं मधल्या खोलीतली भाताची कणगी सरकवून माझ्या खाटेपुरती जागा केली होती, आणि आतोबांनी काही न बोलता खाटेच्या डोक्याशी एक बल्ब लावून दिला होता. आतोबा फार बोलत नसत. गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे असेल, बोलायचंच झालं तर दोन-चार शब्दांत उरकत.

आमचं स्वतःचं घर शेणव्याला. बारावीनंतर शहापूरला कम्प्युटरचा कोर्स केला आणि नंतर मुरबाडच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. तिथले सर भला माणूस. मशीन बिघडलं तर कल्याणहून दुरुस्तीला कोणी लवकर येत नसे, म्हणून ते स्वतःच उघडून बसत आणि मला शेजारी बसवत. बाईमाणसानं स्क्रू ड्रायव्हर हातात धरणं त्यांना विचित्र वाटलं नाही, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. त्यांनीच एक दिवस सांगितलं की धसईच्या बाजूला एका हायस्कूलला कम्प्युटर शिकवणारी बाई हवी आहे, तात्पुरती. शाळेचं नाव मी इथं लिहीत नाही, गावाचंही नाही. आत्याचं गाव तेच होतं म्हणून राहायची सोय झाली, एवढं सांगितलं तरी पुरे.

शाळेत आठ मशीन होती. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेली, ट्रकमधून आलेली, वर हळद-कुंकू वाहिलेली. ती सुरू होत, पण त्यांच्यावर जुनीच प्रणाली होती. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि प्रत्येक आज्ञा टाइप करून द्यायची. दहावीच्या नव्या पुस्तकात मात्र चित्रं होती ती विंडोजची. माउस, खिडक्या, डाव्या कोपऱ्यातलं बटन. बावीस मुलांनी एका विषयाच्या जागी कम्प्युटर घेतलेला होता, त्यांचे फॉर्म भरून गेलेले होते, आणि विषयाची मान्यता मात्र अजून यायची होती. तपासणीला लोक येणार, त्यांना मशीनवर पुस्तकातलं दिसायला हवं, आणि फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक येऊन त्याच मशीनवर प्रात्यक्षिक घेणार. आमचे हेडमास्तर, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, त्यांनी कल्याणच्या एका दुकानदाराला बोलावून मशीन दाखवली. त्यानं दोन उघडून बघितली आणि हात झटकून उभा राहिला. म्हणाला, ही भंगारात घाला, नवं विंडोज यांच्यावर चढणार नाही, कंपनीनंच तसं लिहिलंय, नवी आठ घ्या. तो गेल्यावर हेडसर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्याच्यानं काही होईल का?"

मी म्हणाले, बघते. एकवीस वर्षांची होते. कोणीतरी मला विचारतंय, यानंच मी फुलून गेले होते. आता पन्नाशीकडे झुकल्यावर कळतं की त्या माणसानं मला विचारलं कारण मी फुकटात पडत होते.

पण काम मात्र मी जीव ओतून केलं, हे मी आजही कुणाहीसमोर सांगेन. आठांतल्या कुठल्याच मशीनमध्ये नव्या विंडोजला पुरेल एवढी मेमरी नव्हती. मग मी चार मशीनच्या मेमरीच्या पट्ट्या काढून दुसऱ्या चारांत बसवल्या. चार मेली, चार जगण्याची आशा निर्माण झाली. सीडी घालायची सोय एकाही मशीनला नव्हती. मुरबाडच्या सरांकडे जास्तीची एक हार्डडिस्क होती, म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती लोखंडी डबी. त्यांनी तिच्यावर विंडोजचं सगळं सामान भरून दिलं. ती डबी मी आत्याच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, जेवणाच्या पिशवीत घालून, एसटीत पोटाशी धरून आणली, कारण धक्का लागला की संपलं असं सरांनी बजावलं होतं. घरी आल्यावर आत्यानं पिशवीला हात घातला आणि विचारलं, "ह्यात काय हाय गो?" मी सांगितलं, तर तिनं ती डबी उचलून देवाच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या मशीनला जोडली आणि सुरुवात केली. दोन मिनिटांत पडद्यावर सूचना आली की या मशीनचा प्रोसेसर पुरेसा नाही, म्हणून पुढे जाता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुकानदार खरं बोलला होता. मी धसईला जाऊन बूथवरून मुरबाडच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, थांब, मी एकाला विचारतो, अर्ध्या तासानं परत लाव. अर्धा तास मी त्या बूथच्या बाहेर भाजीच्या पाट्यांमध्ये उभी राहिले. परत फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की आज्ञा लिहून झाली की शेवटी एक तिरकी रेघ दे आणि इंग्रजी एन आणि एम ही दोन अक्षरं टाक. मग ते मशीनची लायकी तपासतच नाही. तेवढंच. शाळेत येऊन तसं केलं आणि ते पुढे सरकलं. तपासणीच वगळली की आत घेतात, हे मला त्या दिवशी फार गमतीचं वाटलं होतं.

अडचण विजेची होती. एका मशीनवर सगळं चढायला अडीच-तीन तास लागत, आणि शाळा आणि गिरण एकाच लाइनवर. आतोबांनी मोटर सुरू केली की दाब खाली जायचा, पडदा आकसायचा आणि मशीन मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. मी घरी काही बोलले नाही, पण जेवताना आत्यानं विचारलं की चेहरा का असा, तेव्हा सांगून टाकलं. आतोबांनी भाकरीचा घास हातात धरून विचारलं, "किती टाइम लागंल?"

"चार मशीनला दोन रविवार."

"मग दोन रविवार गिरण बंद."

आत्या म्हणाली की लोकं पाड्यापाड्यांवरून डोक्यावर भात घेऊन येतील, त्यांना काय सांगणार. आतोबा म्हणाले, "सांगन पट्टा तुटला." आणि दोन रविवार, ऐन भरडाईच्या दिवसांत, तो माणूस गिरणीच्या दाराला कडी लावून ओट्यावर बसून राहिला. आलेल्या बायांना पट्टा तुटल्याचं सांगत राहिला. दुसऱ्या रविवारी दुपारी चौथ्या मशीनवर निळं-पांढरं चित्र उमटलं तेव्हा मी पळत घरी येऊन त्यांना शाळेत घेऊन गेले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत येऊन पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाला ना? मग पट्टा चढवतो."

एक खोट मात्र राहिलीच. या मशीनच्या पोटात एक बॅटरी असते, तिच्या जोरावर मशीन बंद असतानाही ते आपल्या डिस्कची माहिती लक्षात ठेवतं. त्या चारही मशीनच्या बॅटऱ्या कधीच्या मेल्या होत्या आणि आतल्या पाटीला डाग देऊन जोडलेल्या, त्यामुळे बदलणं सोपं नव्हतं. म्हणून मशीन बंद झालं की सगळं विसरायचं. सुरू करताना प्रत्येक वेळी एका निळ्या पडद्यावर जाऊन तीन आकडे हातानं भरायचे, प्रत्येक मशीनचे वेगळे. आकडे भरले की सगळं झकास, नाही भरले तर नुसती काळी पाटी आणि लुकलुकणारी रेघ. मी ते आकडे वहीच्या कागदावर लिहून भाताच्या खळीनं त्या त्या मशीनच्या बाजूला चिकटवले. मुलांनी निळ्या पडद्याला हात लावायचा नाही असा नियम केला, कारण तिथं एखादी किल्ली चुकीची दाबली की अर्धा दिवस जायचा. लाइट दिवसातून तीन-चारदा जाई, आणि आली की मी चारही मशीनवर फिरून आकडे भरत असे.

मुलं हुशार होती, पण तिसऱ्या मशीनवर बसणारी बुधी वेगळीच. गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी होती, तिथली ती. दहावीपर्यंत पोचलेली वाडीतली पहिली मुलगी. दिवाळीनंतर वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जात, तिचे आई-बापही जात, आणि ती म्हाताऱ्या आजाजवळ एकटी मागे राहून शाळा करत होती. बोलायची अगदी कमी, पण एकदा दाखवलेलं पुन्हा विचारत नसे. तिची बोटं माउसवर इतकी हलकी फिरायची की मला माझीच लाज वाटायची. वर्गातल्या गावातल्या मुली तिच्या शेजारी बसायला कुरकुर करत. मी तिला मुद्दाम मधोमध बसवलं होतं, याचाही मला तेव्हा फार अभिमान होता.

दिवाळीनंतर तपासणी झाली. हेडसरांनी मेलेल्या चार मशीनचे पडदेही सुरू करायला लावले आणि त्यांच्यासमोर मुलं बसवली, म्हणजे लांबून आठही चालू दिसावीत. हे बरोबर नाही हे मला कळत होतं, पण मी पडदे सुरू करून दिले. आलेल्या दोघांनी पहिल्या रांगेतली चार पाहिली, बुधीला काहीतरी टाइप करायला सांगितलं, चहा-पोहे घेतले आणि गेले. डिसेंबर संपता संपता मान्यता आली, आणि तिच्याबरोबर कम्प्युटर शिक्षकाची कायम जागाही. आत्यानं त्या दिवशी तांदळाची खीर केली. मी शेणव्याला पत्र लिहिलं. ती जागा माझी, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती, आणि कोणी मला तसं वचनही दिलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

संक्रांतीच्या आधी हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. संस्थेच्या अध्यक्षांचे जावई कल्याणला असतात, त्यांच्याकडे डिप्लोमा आहे, ते सोमवारपासून रुजू होताहेत, असं त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बघत सांगितलं. मी विचारलं, मग मी? तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"बाई, तुम्ही तात्पुरत्या होतात, हे तुम्हाला ठाऊक होतंच. आता एवढं करा, जावईबापूंना आठ दिवस सगळं नीट दाखवून द्या. शेवटी मुलांचा प्रश्न आहे."

मुलांचा प्रश्न आहे, हे वाक्य त्यांनी वापरलं. मी दाखवलं. जावई माणूस म्हणून वाईट नव्हता, असलाच तर आळशी. माझ्या खुर्चीत बसून तो वर्तमानपत्र वाचायचा. आकड्यांचं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, चिठ्ठ्या दाखवल्या. तो म्हणाला, "तुम्ही लावून ठेवलंय ना, मग झालं." आठ दिवसांत त्यानं एकदाही स्वतःच्या हातानं मशीन सुरू केलं नाही.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये मला नारळ आणि ब्लाउजपीस दिला. हेडसर दोन वाक्यं बोलले, त्यात माझं नाव चुकवलं, सुरेखाऐवजी सुलेखा म्हणाले. मी माझी पिशवी घ्यायला कम्प्युटरच्या खोलीत आले. ऊन तिरपं येत होतं, मशीन बंद होती. मी ठरवून काही केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. खरं असं आहे की मी खोलीचं दार पुढे ओढलं, पाण्यानं बोटं ओली केली, पहिल्या मशीनपाशी उकिडवी बसले आणि चिठ्ठी भिजवून नखानं सोलून काढली. मग दुसरी, मग तिसरी. खळ घट्ट बसली होती, वेळ लागला. चौथी काढताना दाराशी हालचाल झाली. बुधी तिची विसरलेली वही न्यायला आली होती.

"बाई, त्या कशाला काढल्या?"

मी म्हणाले, "नव्या सरांना लागत नाहीत."

तिनं माझ्या हातातल्या ओल्या कागदांकडे पाहिलं, वही उचलली आणि गेली.

माझं गणित साधं होतं. दोन दिवसांत जावयाची फजिती होईल, हेडसर आतोबांकडे निरोप पाठवतील, मी येईन, सगळ्यांसमोर चार मशीन सुरू करून दाखवीन, आणि मग बघू कोण तात्पुरतं. मला मुलांचं नुकसान करायचं नव्हतं. मला फक्त बोलावणं हवं होतं. शेणव्याला आमच्या पडवीत बसून मी त्या बोलावण्याची वाट बघत राहिले. आठवडा गेला, दुसरा गेला. निरोप आला नाही, कारण जावयानं मशीन सुरूच केली नाहीत. खोलीला कुलूप लावून तो पुस्तकातून उत्तरं उतरवून देत होता, हे मला नंतर कळलं.

परीक्षेची तारीख मला पाठ होती. त्या सकाळी मी आंघोळ करून, साडी नेसून शेणव्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. चारही चिठ्ठ्या पाकिटात होत्या. मुरबाडकडे जाणारी गाडी आली, कंडक्टरनं विचारलं, येनार काय. मी मागे सरले. मनात एकच होतं, की न बोलावता मी का जाऊ. गाडी गेली. मागून आणखी एक होती, तीही मी सोडली. मग घरी आले आणि आईनं विचारलं तर सांगितलं की गाडी चुकली.

परीक्षक दुपारी दोनपर्यंत थांबले. चारही पडद्यांवर लुकलुकणारी रेघ होती. त्यांनी कागदावर यंत्रं बंद असं लिहिलं आणि बावीस नावांसमोर शून्य भरून निघून गेले. दुसऱ्याच दिवशी हेडसरांनी संस्थेला लिहून दिलं की आधीच्या बाईंनी रागानं मशीन बिघडवून ठेवली. जागा दुसऱ्याला दिली, नारळ देऊन वाटेला लावलं, आणि वर आळही माझ्यावरच. सगळ्या तालुक्याला ओरडून सांगावं असा अन्याय होता, फक्त तो आळ खरा होता.

चार दिवसांनी आतोबा शेणव्याला आले. गिरण टाकून, दोन गाड्या बदलून. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. मला म्हणाले, "सुरे, लोकं काय काय बोलतान. तू काय केलंस काय गो?"

मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "नाय, आतोबा."

त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले आणि परत गेले. आत्याकडून मला कळलं की ते तसेच शाळेत गेले, हेडसरांसमोर आणि अध्यक्षांसमोर उभं राहून, आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढं बोलले. माझी पोर असं करनार नाय, असं चारचौघांत म्हणाले. अध्यक्षांच्या घरचं भात त्यानंतर त्यांनी कधी भरडलं नाही, आणि अध्यक्षांनी सांगितल्यावर गावातल्या निम्म्या घरांनी त्यांच्याकडे भात टाकणं बंद केलं. दोन वर्षांनी गिरणीचा आवाज अर्ध्या दिवसावर आला. मी सुट्टीत गेले की भांडी फळीवर गप्प असत. ते वारले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही सांगितलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. त्या एका विषयानं बावीसच्या बावीस नापास. संस्थेनं घाईनं नवी कोरी मशीन घेतली, जावयाची जागा शाबूत राहिली, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला गावातली मुलं बसून पासही झाली. हेडसरांनी घरोघर शिपाई पाठवून फॉर्म भरून घेतले. ओढ्यापलीकडे शिपाई गेला नाही. पावसात ओढा भरलेला असतो, असं कारण मला पुढे कोणीतरी सांगितलं. ते कारण सांगताना तो माणूस हसत होता. मीही काही शेणव्याहून उठून वाडीवर गेले नाही. बुधी त्या वर्षी दिवाळीनंतर आई-बापांबरोबर भट्टीवर गेली, एवढं आत्याच्या बोलण्यात आलं आणि मी दुसरा विषय काढला.

पाच-सहा वर्षांनी मी टोकावड्याला गाडीची वाट बघत होते. रस्त्याचं काम चाललं होतं, बायका खडी उचलत होत्या. त्यातली एक घमेलं खाली ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई ना?" मी तिला ओळखलं ते तिच्या बोटांवरून नाही, तशी बोटं आता राहिली नव्हती. डोळ्यांवरून ओळखलं. तिला मूल होतं, ते झाडाच्या सावलीत झोळीत झोपलेलं तिनं मला दाखवलं. इतकी वर्षं जे कोणालाही सांगितलं नव्हतं, ते मी तिला तिथं, ट्रकच्या धुरळ्यात उभं राहून सांगून टाकलं. म्हणाले, बुधे, त्या चिठ्ठ्या मी मुद्दाम काढल्या होत्या.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "मी पायलं ना."

मी विचारलं, मग कोणाला सांगितलं का नाहीस. ती जरा विचार करून म्हणाली की कोणाला सांगणार, आणि सांगून काय. मग आपणहून पुढे बोलली. परीक्षेच्या दिवशी तिला तिच्या मशीनचे तिन्ही आकडे पाठ होते. मी रोज भरायची ते बघून बघून पाठ झालेले. तिनं उठून नव्या सरांना सांगितलं की मला येतं, मी भरते. सर म्हणाले, निळ्या पडद्याला मुलांनी हात लावायचा नाही, तुमच्या बाईंचाच नियम आहे, खाली बस. ती खाली बसली.

"मंग मी खिडकीतून रस्ता बघत व्हते," ती म्हणाली. "मना वाटलं, तुमी येनार."

मुकादमानं तिला हाक मारली. तिनं हात वर करून आले असं खुणावलं आणि जाता जाता विचारलं की बाई, आता तुमी कुठं असता. मी सांगितलं, शहापूरला, माझा स्वतःचा क्लास आहे, दहा मशीन आहेत.

"चांगला झाला," ती म्हणाली, आणि घमेलं उचलून गेली.

त्या दोन शब्दांत मी टोमणा शोधत राहिले. गाडीत बसून घाटापर्यंत शोधला, पुढे कित्येक वर्षं शोधला. तो असता तर बरं झालं असतं. तिला खरंच चांगलं वाटलं होतं.